तेहरानमधला साखरेचा सुळका

डिसेंबर १९०५. तेहरानचा हाकिम अलाउद्दौला याने शहरातल्या बड्या साखर-व्यापाऱ्यांना वाड्यावर बोलावून घेतले. साखरेचा भाव काही महिन्यांत एक-तृतीयांशाने चढला होता आणि बाजारात कुरकुर सुरू झाली होती. आलेल्यांत सय्यद हाशिम कंदी नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. वय ऐंशीच्या घरात, पांढरी दाढी, शहरातल्या मशिदींच्या आणि मुख्य बाजाराच्या डागडुजीला स्वतःच्या खिशातून पैसे देणारा माणूस. ‘कंदी’ हे त्यांच्या धंद्याचे नाव; आपल्याकडे तेली, तांबोळी म्हणतात तसे. भाव उतरवा, असा हुकूम झाला. माल रशियातून येतो, तिथे युद्ध आणि दंगे चालू आहेत, आमच्या हातात काही नाही, असे त्यांनी सांगून पाहिले. हाकिमाने ऐकले नाही. म्हाताऱ्याचे पाय लाकडी दांड्याला बांधून वर उचलले गेले आणि तळव्यांवर फटके बसले. त्या दिवशी मार खाणारे ते एकटे नव्हते.

पुढल्या एका वर्षात इराणला संविधान मिळाले, संसद मिळाली. ज्यांनी फटके मारवले त्यांना यातले काहीच दिसले नसणार. इतिहासकार या क्रांतीची कारणे सांगताना जकात, कर्ज, दुष्काळ, पटकी, रशिया-जपान युद्ध असा मोठा पट मांडतात, आणि ते बरोबरच आहे. पण ठिणगी साखरेची होती, आणि ती साखर आपल्या डब्यातल्या दाणेदार साखरेसारखी नव्हती. तो एक शंकूच्या आकाराचा, दगडासारखा टणक, निळ्या कागदात गुंडाळलेला सुळका होता. इराणी त्याला ‘कल्ले-कंद’ म्हणतात. कल्ले म्हणजे डोके. कंदाचे डोके.

फारसीत साखरेला दोन शब्द आहेत आणि इराणी माणूस ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. ‘शकर’ म्हणजे सुटी, दाणेदार साखर. ती स्वयंपाकात, मिठाईत पडते. ‘कंद’ म्हणजे घट्ट साखर, फोडून खडे करायची, चहाबरोबर तोंडात धरायची. दोन्ही शब्द आपल्याकडूनच तिकडे गेले. शर्करा प्राकृतात सक्कर झाली, फारसीत शकर, अरबीत सुक्कर, आणि तिथून युरोपभर पसरली. ‘खंड’ फारसीत कंद झाला, आणि त्याचे ‘कंदी’ हे रूप पश्चिमेला जाऊन इंग्रजीतले कँडी झाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून बनणाऱ्या पदार्थांची जी यादी येते, तीत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी चढती भाजणी आहे: काकवीपासून स्फटिकापर्यंत. त्यातले फाणितसुद्धा ‘पानीद’ होऊन फारसीत गेले. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचे नाव घेताना मला दर वेळी ही सारी वाट आठवते.

शब्दांबरोबर विद्याही गेली. सासानी राजांच्या काळात आजच्या खुजिस्तानात ऊस आणि साखर दोन्ही रुजले होते. सन ६२८ मध्ये बायझंटाइन सम्राट हेराक्लियसने दस्तगिर्दचा सासानी राजवाडा लुटला तेव्हा लुटीच्या यादीत रेशीम आणि मिऱ्यांबरोबर साखरही नोंदवली गेली. पुढे अरबांनी ऊस भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने नेला: इजिप्त, सिरिया, सायप्रस, सिसिली, स्पेन. या प्रवासात कधीतरी साखरेला शंकूचा आकार आला. जॉर्डनच्या खोऱ्यात आणि सायप्रसमध्ये उत्खननात मातीची निमुळती, तळाशी भोक असलेली भांडी ढिगांनी सापडतात. तेच साखरेचे साचे. जुन्या अरबी-फारसीत या शुभ्र सुळक्याला ‘अब्लूज’ असा वेगळा शब्द होता. आणि एका कठीण जातीच्या साखरेला ‘तबरजद’ म्हणत, म्हणजे कुऱ्हाडीने फोडलेली. नावातच तिचे स्वयंपाकघरातले वर्तन आले.

शंकूच का, ठोकळा का नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर कारखान्यात आहे. उसाचा किंवा बीटाचा रस आटवला की त्यात स्फटिक धरतात, पण त्यांच्या अंगाला तांबूस काकवी चिकटून राहते. ही काकवी काढायची तर तिला वाहून जायला वाट हवी. म्हणून गरम, दाटलेला पाक निमुळत्या साच्यात, टोक खाली करून ओतत. टोकाच्या भोकात बोळा कोंबलेला असे. पाक थिजला की बोळा काढायचा. काकवी हळूहळू टोकाकडे उतरते आणि खालच्या मडक्यात ठिबकते. तरी साखर पिवळटच राहायची. मग साच्याच्या वरच्या रुंद तोंडावर ओल्या पांढऱ्या मातीचा थर लिंपत. मातीतले पाणी इतके सावकाश झिरपायचे की साखर फारशी विरघळत नसे, पण स्फटिकांवरची काकवी धुऊन खाली जायची. हे एकदा, दोनदा, कधी तीनदा. शेवटी साचा उलटा करून सुळका काढायचा, गरम खोलीत वाळवायचा. टोकाकडचा भाग सर्वांत शेवटी निथळत असल्याने तो जरा मळकट राही. तो कापून पुन्हा पाकात टाकत. सारे मिळून कित्येक आठवड्यांचे काम. चांगल्या, अनेकदा शुद्ध केलेल्या साखरेचे सुळके लहान असत; हलक्या प्रतीचे मोठाले, माणसाच्या कमरेपर्यंत येणारे. निळा कागद गुंडाळायचे कारण सरळ व्यापारी आहे: निळ्याशेजारी पांढरे अधिक पांढरे दिसते.

युरोपात हा धंदा व्हेनिस, अँटवर्प, अ‍ॅमस्टरडॅम, लंडन, हँबर्ग असा सरकत गेला. ऊस मात्र आता ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या हातांनी पिकत होता. रिओच्या समुद्रात उभ्या असलेल्या त्या प्रसिद्ध खडकाचे पोर्तुगीज नाव याच सुळक्यावरून पडले. एकोणिसाव्या शतकात बीटाची साखर आली, मग भिंगरीसारखे फिरून काकवी झटक्यात वेगळी करणारे सेंट्रिफ्यूज यंत्र आले, आणि शंकूची गरजच संपली. १८४३ मध्ये मोरावियातल्या दाचित्से गावी याकुब क्रिष्टोफ राड या कारखानदाराने साखरेचे चौकोनी तुकडे पाडायच्या यंत्राचे हक्क घेतले. सुळका फोडताना त्याच्या बायकोचे बोट कापले आणि तिनेच हा तगादा लावला, असे सांगतात. यंत्र असो वा बोट, पश्चिम युरोपातून सुळका हळूहळू नाहीसा झाला. जर्मनीत तो नाताळच्या दिवसांत गरम दारूवर ठेवून पेटवण्यापुरता उरला आहे.

इराणने, आणि तिकडे मोरोक्कोने, तो सोडला नाही. मोरोक्कोत आजही सोयरिकीला जाताना निळ्या कागदातला सुळका घेऊन जातात. इराणात कारण होते चहा पिण्याची तऱ्हा. अठराव्या शतकापर्यंत इराण कॉफी पिणारा देश होता. एकोणिसाव्या शतकात रशियन समोवार आला आणि पाहता पाहता चहाने कॉफीला हुसकावले. कपात साखर ढवळायची नाही. कंदाचा खडा दातांत किंवा जिभेखाली धरायचा आणि वरून कडक, बिनदुधाचा चहा घोट घोट घ्यायचा. त्याला ‘कंद-पहलू’ म्हणतात. सुटी साखर इथे कामाची नाही. ती पहिल्याच घोटात विरघळून जाते. खडा टणक हवा, तरच तो एक पेला पुरतो. यजमान छोट्या कुऱ्हाडीने सुळका फोडतो, मग चिमट्याने खडे सारखे करतो, आणि हे काम नीट येणे हे घर चालवता येण्याचे लक्षण मानले जाई. मुंबईत यज्द आणि कर्मानकडून आलेल्या इराण्यांनी गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर हॉटेले थाटली, तेव्हा गिऱ्हाइकाच्या जिभेला रुचावे म्हणून चहात दूधही घातले आणि साखरही. घरी ते काय पीत असतील, ही वेगळी गोष्ट.

लग्नातही हाच सुळका. निकाहाच्या वेळी वधूवरांच्या डोक्यावर पांढरे कापड ताणून धरतात आणि सुखाने संसार करणाऱ्या बायका आळीपाळीने दोन सुळके एकमेकांवर घासतात. साखरेचा चुरा कापडावर पडतो. आनंद झाला हे सांगायला फारसीत ‘मनात कंद विरघळला’ असा वाक्प्रचार आहे. आपल्याकडेही खुणा सापडतात. पारशी घरांत शुभकार्याच्या ‘सेस’मध्ये, म्हणजे मंगल तबकात, चांदीचा एक शंकू ठेवतात. त्याला ‘सोपारो’ म्हणतात, आत खडीसाखर किंवा बत्तासे. आणि मराठी साखरपुड्यातला तो जरीच्या कागदाचा निमुळता पुडा तर घरोघरचा. त्याचा इराणी सुळक्याशी वंशसंबंध जोडायचा मोह मी टाळतो. वाण्याच्या दुकानात कागदाची पुडी निमुळतीच वळली जाते, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तर हा रोजचा, लग्नाचा, पाहुणचाराचा पदार्थ. आणि तो बनवणे मात्र इराणात कुणालाच जमत नव्हते. हीच या गोष्टीतली मेख आहे. ज्या खुजिस्तानातून साखर पश्चिमेला गेली, तिथली उसाची शेती केव्हाच मोडून गेली होती. सुधारक वजीर अमीर कबीरने १८५० च्या सुमारास माझंदरानात साखर शुद्ध करण्याचे कारखाने उभारायचा प्रयत्न केला. तो वजीर मारला गेला आणि प्रयत्नही विझला. १८९० च्या दशकात एका बेल्जियन कंपनीने तेहरानजवळ कहरीझकला बीटाच्या साखरेचा कारखाना काढला. बीट पुरेना, बाहेरून येणारी साखर स्वस्त पडे. थोड्याच वर्षांत तो बंद पडला. त्यामुळे उत्तरेला रशियाचा सुळका येई: युक्रेनच्या बीटाचा, आगगाडीने बाकूला, तिथून कास्पियन समुद्र ओलांडून अंझली बंदरात, आणि मग खेचरांवरून एल्बुर्झच्या घाटातून तेहरानला. दक्षिणेला बुशहर आणि बंदर अब्बासला मार्सेयचा फ्रेंच सुळका, आणि मुंबईमार्गे जावा-मॉरिशसची साखर. मॉरिशसच्या त्या उसाच्या मळ्यांत कोकणातून गिरमिटावर गेलेले मराठी मजूरही राबत होते, हे जाता जाता.

रशियन साखर इतकी स्वस्त का? कारण रशियन सरकार आपल्या कारखानदारांना निर्यातीवर अबकारी कर परत देई. परदेशी गिऱ्हाइकाला मिळणारी ही सवलत रशियन शेतकऱ्याला मिळत नसे. अशा अनुदानित बीट-साखरेने हिंदुस्थानातही धुमाकूळ घातला होता, इतका की व्हाइसरॉय कर्झनने १८९९ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन साखरेवर प्रतिबंधक जकात बसवली. हाच कर्झन त्याआधी सात वर्षे इराणवर दोन जाडजूड खंड लिहून मोकळा झाला होता. हिंदुस्थानच्या गादीवर बसलेल्याला जकात बसवता आली. इराणच्या शहाला तेही स्वातंत्र्य उरले नव्हते. १८२८ च्या तुर्कमान्चाय तहापासून रशियन मालावर पाच टक्क्यांहून जास्त जकात लावायची नाही, असे बंधन होते. १९०३ मध्ये दर नव्याने ठरले, तेही रशियाशी बोलून आणि रशियाच्या सोयीने. ठरवणारा माणूस होता जोसेफ नाऊस, इराणच्या जकात खात्यावर नेमलेला बेल्जियन. जकातीचे उत्पन्न रशियन कर्जाला तारण होते, आणि ती कर्जे मुजफ्फरुद्दीन शहाच्या युरोपच्या सहलींवर उडाली. नाऊसने एका नाचाच्या समारंभात मुल्लाचा पोशाख करून काढलेला फोटो १९०५ च्या मोहर्रममध्ये तेहरानभर फिरला, तेव्हा बाजार आणि मशीद दोघांच्याही हातात कोलीत आले.

अशा देशात १९०४ मध्ये पटकी आली, पीक बुडाले. रशिया जपानशी लढत होता. १९०५ मध्ये खुद्द रशियात क्रांती उसळली. उन्हाळ्याच्या शेवटी बाकूत दंगली होऊन तेलाच्या विहिरी जळाल्या, ऑक्टोबरात सबंध रशियाच्या रेल्वे-कामगारांनी संप केला. साखरेची वाट जिथून जाते ती प्रत्येक जागा या यादीत आहे. इराणच्या उत्तरेत गहू जवळजवळ दुपटीला गेला, साखर एक-तृतीयांशाने. दुकानात साखर ‘मना’ने विकली जाई. आपला मण नव्हे. तबरीझी मन म्हणजे जेमतेम तीन किलो.

हाकिमाचे वागणे वेडेपणाचे वाटेल, पण त्याच्या चौकटीत ते जुनेच होते. काजार राजवटीत भाव आटोक्यात ठेवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानले जाई, आणि ते बजावायचे साधन म्हणजे शिक्षा. भाकरी महागली की भटारखानेवाल्याचा कान दाराला खिळ्याने ठोकायचा, हा प्रकार परदेशी प्रवाशांनी नोंदवून ठेवला आहे. लोकांचाही त्याला विरोध नसे. साठेबाज मार खातोय हे पाहून गर्दी खूश होई. अलाउद्दौलाने हिशेब केला तो या गर्दीचा. चूक झाली ती मालाची जात ओळखण्यात. गहू गावच्या कोठारात दडवता येतो. तो बाहेर काढायला फटके कधी कधी उपयोगी पडतात. अंझलीच्या बंदरात जहाजच लागले नसेल तर तेहरानात कुणाच्याही तळव्यांवर मारून सुळका पैदा होत नाही. आणि ज्याला मारले तो शहराच्या दृष्टीने सज्जन, पैगंबराच्या वंशातला सय्यद होता.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद. तेहरानचा बाजार बंद होणे म्हणजे आपल्याकडच्या बंदसारखे एका दिवसाचे प्रकरण नव्हे. मैलोन्मैल छताखाली पसरलेले दुकानांचे शहर, त्यातच सराफ, त्यातच मशिदी, त्यातच पेढ्या. तो बंद झाला की पैसाही थांबे. व्यापारी, कारागीर आणि तालिब, म्हणजे मदरशांतले विद्यार्थी, शाही मशिदीत जमले. मिंबरावर सय्यद जमालुद्दीन वाएज नावाचा इस्फहानचा वक्ता उभा राहिला. बोलता बोलता तो म्हणाला की, शहा खरा मुसलमान असेल तर तो उलेमांच्या बाजूने उभा राहील. शहराचा इमाम-ए-जुमा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचा प्रमुख, दरबाराच्या बाजूचा. त्याने ओरडून वक्त्याला खाली खेचायला लावले, आणि दंडुकेवाल्यांनी गर्दी उधळली. जखमेवर मीठ म्हणावे तर हेच.

मग दोन ज्येष्ठ मुजतहिद, म्हणजे धर्मशास्त्री, सय्यद मोहम्मद तबातबाई आणि सय्यद अब्दुल्ला बेहबहानी, सुमारे २,००० माणसांसह शहराच्या दक्षिणेला रय येथे शाह अब्दुल-अझीमच्या दर्ग्यात जाऊन बसले. इराणात याला ‘बस्त’ म्हणत. पवित्र जागेत आसरा घेतलेल्याला सरकार हात लावू शकत नाही, हा अलिखित कायदा. आपल्याकडे धरणे धरून दारात बसायची जुनी रीत होती, तिचीच ही चुलतबहीण. महिनाभराच्या आत-बाहेर ते तिथे राहिले. खर्च बाजारातल्या व्यापाऱ्यांनी आणि दरबारातल्या काही असंतुष्टांनीही उचलला. मागण्यांची यादी वाचण्याजोगी आहे: हाकिमाला काढा, नाऊसला काढा, कूमच्या रस्त्यावर गाड्या चालवणाऱ्या एका मुजोर ठेकेदाराला काढा, आणि देशात एक ‘अदालतखाना’ स्थापन करा. साखरेच्या भावाबद्दल त्यात काही नाही! तिथे बसलेल्यांना भाव का चढला हे ठाऊक होते. भाव चढल्याबद्दल कुणालाही, कधीही, विचारपूस न करता मारता येते, हे त्यांना मान्य नव्हते. ‘अदालतखाना’ हा शब्द त्या वेळी मोघमच होता. न्यायालय? सल्लागार मंडळ? संसद? ज्याने त्याने आपल्या मनातले त्यात भरले, आणि माझ्या मते तो मोघमपणाच त्या मागणीचे बळ ठरला. मुल्ला, सराफ आणि फ्रेंच शिकलेला तरुण तिच्याखाली एकत्र उभे राहू शकले.

जानेवारी १९०६ मध्ये शहाने होकार दिला, हाकिमाला काढले, उलेमांना शाही गाड्यांतून शहरात आणले. वजीर ऐनुद्दौला मात्र वचन विसरला. त्याच काळात आपल्याकडेही साखर राजकारणात उतरली होती, हे मराठी वाचकाला सांगायला हवे. बंगालची फाळणी ऑक्टोबर १९०५ ची. पुण्यात त्याच महिन्यात विदेशी कापडाची होळी झाली, बंगालमध्ये लिव्हरपूलच्या मिठाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. ती हाडांच्या कोळशाने शुभ्र करतात, ही गोष्ट खरी होती आणि प्रचाराला फार उपयोगी. तेहरानचे उलेमा दर्ग्यात बसले होते त्याच डिसेंबरात बनारसला काँग्रेस भरली आणि गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष होते. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: परक्याच्या कारखान्यातला माल आपल्या घरात किती खोल शिरला आहे? आपण तो माल नाकारून पाहिला. इराण्यांनी माल नाकारला नाही. कंदावाचून त्यांचा चहा अडतो. त्यांनी राजाला धरले.

जुलै १९०६ मध्ये सैनिकांच्या गोळीने एक तालिब मेला आणि सगळे पुन्हा पेटले. उलेमा कूमला निघून गेले. व्यापाऱ्यांनी वेगळी जागा शोधली: इंग्रज वकिलातीचे आवार. इंग्रज मंडळी उन्हाळ्यासाठी डोंगरपायथ्याच्या गुल्हकला गेली होती, शहरातली जागा जवळजवळ रिकामी. आधी पन्नासेक जण गेले, ऑगस्ट उजाडेतो आकडा १२,००० ते १४,००० झाला. प्रत्येक पेशाचा स्वतंत्र तंबू. चांभार वेगळे, सराफ वेगळे, शिंपी वेगळे, अगदी पुस्तकविक्यांचासुद्धा. मोठमोठे हंडे चढले. दारुल्फुनून या आधुनिक विद्यालयाचे विद्यार्थी झाडांखाली राज्यघटना म्हणजे काय यावर वर्ग घेऊ लागले. आता मागणी अदालतखान्याची राहिली नाही, ‘मजलिस’ची, म्हणजे संसदेची, झाली. ५ ऑगस्टला शहाने फर्मानावर सही केली.

पहिली मजलिस ऑक्टोबरात भरली. तेहरानला ६० जागा होत्या. त्यांपैकी ३२ पेशेवाल्यांना, म्हणजे बाजारातल्या कारागीर-दुकानदारांच्या संघांना मिळाल्या. जगातल्या फार थोड्या संसदांत पहिल्याच दिवशी एवढे किराणावाले आणि शिंपी बसले असतील. डिसेंबरअखेर आजारी शहाने संविधानावर सही केली आणि काही दिवसांत त्याने डोळे मिटले. पुढच्या वर्षी मजलिसने नाऊसला घरी पाठवले. अलाउद्दौलाला १९११ मध्ये तेहरानात गोळ्या घातल्या गेल्या.

मिंबरावरून खेचला गेलेला तो वक्ताही फार जगला नाही. १९०८ मध्ये नव्या शहाने मजलिसवर तोफा डागल्या, त्या धरपकडीत सय्यद जमालुद्दीन मारला गेला. त्याचा मुलगा तेव्हा शिकायला बेरूतला होता. मोहम्मद अली जमालजादे त्याचे नाव. १९२१ मध्ये त्याने बर्लिनमधून एक लहानसा कथासंग्रह छापला, आणि आधुनिक फारसी कथा त्याच्यापासून मोजतात. पहिल्या कथेचे नाव आहे ‘फारसी शकर अस्त’: फारसी ही साखर आहे. कथा घडते अंझली बंदराच्या जकातघरात, जिथून रशियन सुळका देशात शिरत असे. बापाच्या आयुष्यातली साखर मुलाने मुद्दाम शीर्षकात आणली असेल असे मी म्हणत नाही. फारसीला साखरेची उपमा देणे हाफिजच्याही आधीपासून चालत आले आहे. पण योगायोग मोठा आहे खरा.

बाहेरून येणाऱ्या चहाचे कोडे क्रांतीच्या आधीच थोडे सुटले होते, तेही हिंदुस्थानातून. काशिफुस्सल्तना नावाचा राजपुत्र हिंदुस्थानात इराणचा कौन्सल होता. त्याने कांग्र्याच्या मळ्यांत लागवड शिकून घेतली आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर रोपे घेऊन तो लाहिजानला परतला. तिथला चहा आजही इराणभर प्यायला जातो. साखरेचा मात्र कुणी काशिफ झाला नाही. रोप आणून साखर बनत नाही, त्याला कारखाना, पाणी, कोळसा आणि संरक्षण देणारे सरकार लागते.

ते सरकार आले पुढे शहा झालेल्या रजा खानाबरोबर. १९२५ मध्ये मजलिसने कायदा करून चहा आणि साखर ही सरकारी मक्तेदारी केली आणि दर मनामागे साखरेवर दोन, चहावर सहा किरान कर बसवला. पैसा कशासाठी? कास्पियनपासून इराणच्या आखातापर्यंत रेल्वे बांधायला. परदेशी कर्ज नको, असा निश्चय होता. मागच्या कर्जांनी तोंड पोळलेले होते. खेड्यातल्या चहावाल्यापासून दरबारापर्यंत ज्याने ज्याने खडा तोंडात धरला, त्याने तिकीट न काढता रेल्वेसाठी पैसे भरले. मजलिसमध्ये एका सभासदाने या योजनेला जोरदार विरोध केला: मोहम्मद मोसद्देक. पुढे तेलाच्या राष्ट्रीयीकरणामुळे जगाला माहीत झालेले तेच. उत्तर-दक्षिण मार्ग व्यापाराच्या नव्हे तर परक्यांच्या लष्करी सोयीचा आहे, त्यापेक्षा साखरेवरच्या करातून साखरेचेच कारखाने काढा आणि दरवर्षी बाहेर जाणारा पैसा वाचवा, असा त्यांचा हिशेब होता. तो मानला गेला नाही.

१,३९४ किलोमीटरचा मार्ग १९३८ मध्ये पुरा झाला. दरम्यान सरकारने बंद पडलेला कहरीझकचा कारखाना पुन्हा सुरू केला होता आणि बीटाचे आणखी कारखाने उभे राहिले होते. तरी देशाला पुरेल एवढा कंद त्यांतून निघत नव्हता. ऑगस्ट १९४१ मध्ये इंग्रज आणि रशियन फौजा दोन बाजूंनी इराणात घुसल्या. आखातात उतरलेले रणगाडे आणि दारूगोळा त्या रेल्वेने उत्तरेकडे जाऊ लागला, आणि तेहरानात साखरेचे रेशन सुरू झाले.